तीनशे रुपयांचा अंधार

माणसाला स्वप्न बघायला सांगायचं आणि वर त्या स्वप्नाला तीनशे रुपयांची मर्यादा घालायची, हे फक्त बँकेतच होऊ शकतं.

गेल्या डिसेंबरात आमच्या शाखेत नव्यानेच रुजू झालेल्या एका उत्साही मुलीने नाताळच्या चिठ्ठ्यांची टूम काढली. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपलं नाव आणि आपल्याला हवी असलेली ‘स्वप्नातली भेट’ लिहायची. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, मग एकेकाने एकेक उचलायची आणि चोवीस तारखेला ज्याची त्याला भेट द्यायची. खाली तळटीप होती : ‘किंमत रु. 300 च्या आत असावी.’ हेड कॅशियरने लिहिलं, ‘पुण्याला बदली.’ शिपायाने लिहिलं, ‘हेड कॅशियरची बदली.’ मी लिहिलं, ‘अंधार.’

चिठ्ठ्या अत्यंत गुप्त होत्या. त्यामुळे दहा मिनिटांत सगळ्यांना कळल्या. हेड कॅशियरने चष्मा कपाळावर चढवून मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?”

तेव्हा खुलासा करणं भाग आहे. मी बागवान आहे. हा शब्द माझा. सोसायटीच्या दप्तरी माझी नोंद ‘गॅलरीतून पाणी गळवणारे’ अशी आहे. नऊ बाय चार फुटांची गॅलरी, चौदा कुंड्या, एक झारी आणि मूठ मोडलेलं एक खुरपं, एवढी माझी शेतीवाडी. पण बाग लहान असली म्हणून बागवानाची स्वप्नं लहान नसतात.

तिकडे इंग्लंडात डिसेंबरमध्ये जमीन गारठलेली असते. बागेचा शौकीन माणूस शेगडीशी बसून बियाण्यांचे कॅटलॉग चाळतो आणि नाताळला बायकामुलांकडून झाडं छाटायची कात्री, हातमोजे, गुडघ्याखाली घ्यायची गादी असल्या भेटी मिळवतो. आपल्याकडे नेमकं उलटं. डिसेंबर म्हणजे शेवंती, झेंडू, गुलाब यांचा ऐन हंगाम. स्वप्न बघायला बसावं, तर समोर शेवंतीवर मावा पडलेला दिसतो. तरी मनात यादी असतेच. पीळ न पडणारा पाण्याचा पाइप. तहान लागली की हाक मारणारी कुंडी. वास न येणारं शेणखत (ही मागणी आमच्या स्वयंपाकघरातून आलेली). चार लोकांत कसं वागावं हे कळणारं कबूतर. आणि आपण आठ दिवस गावी गेलो की झाडांना पाणी घालणारा असा शेजारी, जो आठही दिवसांचं पाणी आठव्या दिवशी एकदम घालत नाही.

किती निरुपद्रवी मागण्या! यात कुणाचं काय जातं, असंच कुणालाही वाटेल. मलाही वाटत होतं, पॉइन्सेटिया घरात येईपर्यंत.

ती दिली आमच्या वसईकरांनी. वसईकर हे त्यांचं आडनाव नव्हे, पत्ता आहे. वसईच्या वाडीतलं ख्रिस्ती शेतकरी घराणं. घरी केळी, भाजी आणि फुलं, इकडे बँकेत तीस वर्षं कर्जविभाग. निवृत्तीला आता दोन वर्षं राहिली आहेत. त्याच्या आदल्या नाताळला त्यांनी लालभडक पॉइन्सेटियाची कुंडी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाले, “ही सांभाळ. कर्जासारखी आहे. दिली तेव्हा छान दिसते, खरी परीक्षा पुढच्या वर्षी.”

कुणाची चौकशी केल्याशिवाय खातं उघडायचं नाही ही आम्हा लोकांची सवय, म्हणून मी तिची कुळकथा काढली. मूळची मेक्सिकोची. 1820 च्या दशकात तिथे गेलेल्या जोएल पॉइन्सेट नावाच्या अमेरिकन वकिलाने ती आपल्या गावी धाडली आणि झाडाला त्याचं नाव चिकटलं. या गृहस्थाने मेक्सिकोच्या राजकारणात इतकी लुडबूड केली, की शेवटी तिथल्या सरकारने ‘याला परत बोलवा’ असं अमेरिकेला कळवलं. माणूस परत गेला, नाव मात्र झाडावर राहिलं. मेक्सिकोत मात्र नाताळच्या आदल्या रात्रीला जे नाव आहे, त्याच नावाने हे झाड ओळखतात. त्यामागे एक गोष्टही सांगतात. एका गरीब मुलीकडे नाताळच्या रात्री देवळात न्यायला काही नव्हतं. तिने रस्त्याकडेचं तण उपटलं, त्याची जुडी केली आणि तीच देवापुढे ठेवली. ते तण लालभडक झालं, तीच ही पॉइन्सेटिया.

आणखी एक गंमत म्हणजे, आपण जिला फूल म्हणतो ती मुळात पानं. खरी फुलं मधोमध पिवळी, बारीक, कुणाच्या लक्षातही न येणारी. आणि ही पानं लाल होण्यासाठी लागतो तो उजेड नव्हे, अंधार. 1920 साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या रोपांवरून दाखवून दिलं, की काही झाडं दिवस केवढा आहे ते ओळखून फुलतात. पुढे कळलं की ती खरं तर रात्र मोजतात. शेवंतीचंही तेच, म्हणून तर शेतकरी शेवंतीच्या वाफ्यांवर रात्री दिवे लावून तिचं फुलणं लांबणीवर टाकतात. पॉइन्सेटियाला ऑक्टोबरपासून सुमारे दोन महिने, रोज बारा तासांहून मोठी, सलग, काळीकुट्ट रात्र हवी. मध्येच कुणी दिवा लावला, की तिचा हिशेब चुकतो आणि पानं हिरवीच राहतात.

गेल्या ऑक्टोबरात माझी पॉइन्सेटिया पालकाच्या जुडीसारखी हिरवीगार होती. कारण गॅलरीसमोरचा सोसायटीचा खांब. त्यावरचा नवा एलईडी दिवा असा लख्ख, की माझ्या गॅलरीत रात्री दोन वाजता व्हाउचरवरची सही ताडून बघता यावी. कुंडी घरात घ्यावी, तर घरात अकरापर्यंत टीव्ही. तेव्हा मी मनातल्या मनात देवाकडे अंधार मागू लागलो.

इथे एक बारीकशी अडचण होती. तो दिवा लागला तो माझ्याच अर्जावरून. तळमजल्यावरच्या आजी दोन वर्षांपूर्वी काळोखात पायरी चुकून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा सोसायटीला सणसणीत अर्ज लिहायला सगळ्यांनी मला पुढे केलं. बँकेतल्या माणसाचा मसुदा चांगला असतो असा समज आहे. ‘प्रकाश ही चैन नसून हक्क आहे,’ हे वाक्य माझं. सोसायटीत ते अजून नावाजलं जातं.

आम्हा कॉमर्सवाल्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात, की एका खात्यात जमा झालं की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडतंच. मला ते परीक्षेपुरतं तेव्हाच आलं होतं. समजलं ते शेहेचाळिसाव्या वर्षी, गॅलरीत उभं राहून. 1830 साली इंग्लंडात एडविन बडिंगने हिरवळ कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कापडाच्या गिरणीतलं यंत्र बघून त्याला ती कल्पना सुचली होती. बागवाल्या साहेबांना याहून मोठी भेट काय हवी? पण त्याआधी दव असताना, भल्या पहाटे, लांब दांड्याचे विळे घेऊन माणसं ती हिरवळ कापत असत. हिरवळ साहेबाच्या खात्यात जमा झाली. गेलेली मजुरी विळेवाल्याच्या नावे पडली. मग मी मागतोय तो अंधार कुणाच्या नावे पडणार? उत्तर तळमजल्यावर काठी घेऊन बसलं होतं.

हे सगळं कळत असूनही नोव्हेंबरातल्या एका रात्री मी जे करायचं ते केलं. रात्री अकराला वॉचमन डुलकी काढत असताना खाली गेलो, मीटरच्या खोलीत शिरलो आणि दिव्याचं बटण बंद केलं. वर येऊन पॉइन्सेटियाला काळोखात बघितलं, म्हणजे दिसली नाही, आणि समाधानाने आडवा झालो. एक रात्र, कुणाचं काय बिघडतं?

साडेअकराला खालून काठीचा आवाज आला. टक्. टक्. आणि मग थांबला. आजींचा मुलगा दुसऱ्या पाळीवरून याच वेळी येतो आणि त्या रोज पायरीपर्यंत येऊन त्याची वाट बघतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते सोयीस्करपणे विसरलो होतो. ती काठी पुढची पायरी शोधत असल्याचं मला गादीवर ऐकू येत होतं. मी तीन मजले कसा उतरलो ते आठवत नाही. बटण दाबलं. आजी भिंतीला एक हात लावून उभ्या होत्या.

“कोण, तू का रे? बरं झालं बाबा. दिवा गेला होता वाटतं. देव तुझं भलं करो.”

खात्यातून चुकून कापलेली रक्कम आम्ही परत जमा करतो, तेव्हा काही साधी गिऱ्हाइकं आमचे आभार मानतात. त्या वेळी आमचं तोंड कसं होतं हे मला ठाऊक आहे. तसं तोंड घेऊन मी वर आलो.

दुसऱ्या दिवसापासून पॉइन्सेटियावर मिक्सरचं रिकामं खोकं घालायचं ठरलं. संध्याकाळी सहाला घालायचं, सकाळी आठला काढायचं. योजना बिनतोड होती. फक्त संध्याकाळी सहाला मी बँकेत किंवा लोकलमध्ये असतो. तेव्हा खोकं घालायचं काम आपोआप आमच्या हिच्याकडे गेलं. आम्ही असंच म्हणतो, आपोआप. डिसेंबर लागला तेव्हा शेजारच्या वहिनींनी सहज सांगितलं, “अहो, काल तर त्या भिशी अर्धवट टाकून उठल्या. म्हणाल्या, झाडाला झोपवायची वेळ झाली.” मी मात्र शाखेत ‘माझी पॉइन्सेटिया, माझी पॉइन्सेटिया’ म्हणून सांगत सुटलो होतो! अंधार मला जमा होत होता आणि रोज संध्याकाळी सहाला हिच्या नावे पडत होता. अशा मनःस्थितीत मी ती चिठ्ठी लिहिली होती.

आणि डब्यातून मी उचललेली चिठ्ठी वसईकरांची निघाली. त्यांनी लिहिलं होतं, ‘विहिरीला गोडं पाणी.’

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, “अहो वसईकर, तीनशे रुपयांत?”

“तुझा अंधार बसतो, मग माझं पाणी का नाही?” ते डबा उघडत म्हणाले. मग जरा थांबून बोलले. त्यांच्या लहानपणी विहिरीचं पाणी मे महिन्यातही गोड असायचं. समुद्र जवळ, जमिनीतलं गोडं पाणी जास्त उपसलं की खारं पाणी आत सरकतं. आजूबाजूला टँकर भरू लागले आणि वर्षागणिक त्यांची विहीर मचूळ होत गेली. केळी कशीबशी तग धरतात, फुलं नाही. ते तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते. बुडीत कर्जाबद्दल बोलावं तसं बोलत होते.

माझा घास तोंडातच राहिला. आमच्याकडे दर मे महिन्यात टँकर येतो. त्या पाण्यावर माझ्या चौदा कुंड्या तरारलेल्या असतात. ते पाणी कुठल्या विहिरीचं, हे मी कधी विचारलं नव्हतं. रक्कम कुणाच्या नावे टाकायची हे कळलं नाही की बँकेत आम्ही ती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतो. पण तिथेही कुणी तरी वर्षाअखेर येऊन विचारतो, हे कुणाचं? माझ्या बागेच्या सस्पेन्स खात्याची तपासणी कधी झालीच नव्हती.

चोवीस तारखेला भेटी उघडल्या. वसईकरांना मी लाल बांधणीची एक वही दिली, किंमत साठ रुपये. पहिल्या पानावर त्यांचं नाव आणि दहा डिसेंबरपासून रोजच्या नोंदी होत्या. कुंड्यांना नळाचं पाणी बंद. तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी. जमा, अर्धी बादली. जमा, अर्धी बादली. एका रविवारी पाहुणे आले होते, तेव्हा एक बादली.

त्यांनी व्हाउचर तपासावं तशी वही तपासली. “हे पाणी माझ्या विहिरीत येणार कसं?”

“नाही येणार.”

“मग?”

“मग निदान कुणाचं देणं आहे ते लिहिलं गेलं.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं, प्रत्येक नोंदीसमोर बारीक टिंब दिलं आणि खाली सही ठोकली. मग पिशवीतून माझी भेट काढली. माझी चिठ्ठी मुळात हेड कॅशियरला आली होती. वसईकरांनी ती अदलाबदल करून मिळवली होती. छत्रीचं काळं कापड आणून त्यांच्या मंडळींनी घरी शिवलेली, खाली नाडी असलेली, कुंडीच्या मापाची गवसणी होती ती. “पुढच्या वर्षासाठी,” ते म्हणाले. “खोकं पावसात भिजतं. आणि ही सकाळी निघताना तूसुद्धा काढू शकतोस, हं.”

तेव्हापासून सकाळची नोकरी माझी आहे. संध्याकाळची रविवारपुरतीच जमते. बाकीचे सहा दिवस वहीत हिच्या नावाने एक वेगळं पान उघडलं आहे.

पंचवीस तारखेला पॉइन्सेटियाची पाच पानं लाल झाली होती. सहावं अर्धं. ती कुंडी मी खाली नेऊन आजींच्या पायरीशी, बरोबर त्या दिव्याखाली ठेवली. एकदा लाल झाली की तिला उजेडाचं काही वाटत नाही.

आजींनी वाकून बघितलं. “फूल छान आहे रे.”

“आजी, ते फूल नाही. पान आहे.”

“असू दे. पानाला हौस असू नये की काय?” आणि मग दिव्याकडे बघून म्हणाल्या, “त्या दिवशीपासून एकदाही गेला नाही हो दिवा.”

मी ‘हो’ म्हटलं आणि वर आलो. तो दिवा कुणी घालवला होता, ते अजून त्यांना सांगायचं आहे. वहीत ती नोंद मी माझ्या नावे करून ठेवली आहे. बाकी अजून येणे आहे.