दुसरा कोस

शास्त्रपाठ : मत्तय ५:३८-४२



इंग्रजी बोलण्यात 'टू गो द एक्स्ट्रा माईल' हा वाक्प्रचार वारंवार कानी पडतो. नेमून दिलेल्यापेक्षा अधिक काम करणे, असा त्याचा रूढ अर्थ. कचेरीतला साहेब तो हाताखालच्यांना ऐकवतो आणि बढतीच्या आशेने कारकूनही तो मनाशी घोकतो. परंतु या शब्दांचा उगम प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनात आहे, आणि तेथे बढतीचा विषयच नाही.

त्या काळी यहूदी लोक रोमी सत्तेखाली होते. शिपाई वाटसरूला वेठीस धरून ओझे वाहायला लावीत. मूळ ग्रीक वचनातले क्रियापद या वेठीचेच असून ते पर्शियन राजांच्या जासूदपद्धतीवरून आले आहे. रोमी मैल म्हणजे हजार दुहेरी पावले, सुमारे १,४८० मीटर. आपल्या मराठी शास्त्रात त्यासाठी 'कोस' हा शब्द आहे.

पहिला कोस शिपायाच्या हुकमाचा; तेथे आपले काही चालत नाही. दुसरा कोस मात्र चालणाऱ्याच्या खुशीचा. तो चालू लागताच वेठीचा माणूस मोकळा होतो, आणि ज्याचा द्वेष करावा त्याचाच तो सोबती होतो.

हेच क्रियापद मत्तय २७:३२ मध्ये पुन्हा येते. शिपायांनी कुरेनेकर शिमोनाला वेठीस धरले आणि आपल्या प्रभूचा वधस्तंभ त्याच्यावर लादला. मार्क त्याच्या आलेक्सांद्र व रूफ या मुलांची नावे देतो. ती मंडळीच्या ओळखीची असावीत. वेठीने सुरू झालेली वाट त्या घराला कोठवर घेऊन गेली, याचा विचार करा.

येथे एक सावधगिरी हवी. दुसरा कोस देता येतो, मागता येत नाही. आपल्या संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठ मना केली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द केली. मोलकरणीला जादा राबवून, किंवा मंडळीचे सारे काम एकाच बहिणीवर टाकून, तिला हे वचन ऐकवणारा शिपायाच्या बाजूला उभा आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा भेद मुलांना अवश्य समजावून द्यावा.

घरातल्या आजाऱ्याची सेवा, तापट शेजारी, कठोर वरिष्ठ : आपापला पहिला कोस ज्याचा त्याला ठाऊक आहे. त्यापुढचा कोस आनंदाने चालण्यास प्रभू आपणांस बळ देवो. आमेन.