पक्षी पाळणे म्हणजे शब्द पाळणे



आपण व्रत पाळतो, शब्द पाळतो आणि पक्षीही पाळतो. क्रियापद एकच! म्हणून मुलांनी हट्ट धरला, तर 'कुठला पक्षी छान दिसतो?' यापेक्षा 'कुणाचं आपल्याकडून नीट होईल?' हे आधी विचारावं.

बाजारात कुणी लाल मुनिया दाखवतं. ती रानातून जाळ्यात धरलेली असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला पकडणं, विकणं गुन्हा आहे. काही जण म्हणतात, विकत घेऊन सोडून देऊ, पुण्य लागेल. पण आपल्याच पैशाने उद्या पुन्हा जाळं लागतं ना!

नवशिक्यांसाठी झेब्रा फिंच बरे. मूळ ऑस्ट्रेलियाचे, पण आपल्याकडे मिळतात ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. त्यांना आकाशात सोडणं ही दया नव्हे. दाणा शोधणं, मांजरापासून वाचणं त्यांना कुठून जमणार?

हे पक्षी हातावर खेळत नाहीत. त्यांना सोबत लागते ती त्यांच्याच जातीची. म्हणून एकटा कधीच आणू नये. पिल्लं वाढवायची तयारी नसेल तर दोन नर आणावेत. नराच्या गालावर नारिंगी ठिपका असतो. पिंजरा उंच नको, लांब हवा, म्हणजे उडता येतं. राळे आणि ताजं पाणी रोज, पाच वर्षं किंवा त्याहूनही जास्त.

आपण गावाला गेल्यावर हे कोण करेल, याचं उत्तर घरात नसेल, तर गॅलरीत पाण्याचं भांडं ठेवू या. चिमण्या, बुलबुल आपणहून येतील. तीही सेवाच.