भगिनीऋण

गतवर्षीं नवरात्रांत अमडापूर येथें एका स्नेह्यांच्या घरीं आमचा मुक्काम होता. माहेरीं आलेल्या दोघी बहिणींचा ओसरीवर एका कादंबरीवरून वाद जुंपला होता. वाद कादंबरीचाच आहे, असें आम्हांस प्रथम घटकाभर वाटलें.

कादंबरी होती श्रीमती शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर'. ती १९९० सालीं प्रसिद्ध झाली. पुढें २००९ सालीं लेखिकेच्या कन्या श्रीमती रेणुका शहाणे यांनी तिच्यावर चित्रपटहि काढला. रीटा ही चौघी बहिणींत थोरली. कोवळ्या वयांतच ती कुटुंबासाठीं मिळवूं लागते, कचेरींतील विवाहित वरिष्ठ साळवी यांच्यावर तिचा जीव जडतो, आणि अखेर मनाचा तोल सुटून ती रुग्णालयांत पोंचते. ओसरीवरील थोरलीनेंहि वडिलांच्या आजारपणापासून शिक्षिकेची नोकरी करून धाकटीस शिकविलें होतें. ती म्हणाली, "इतकें करून रीटाला काय मिळालें?" धाकटी उत्तरली, "ताई, तिनें केलें हें खरें. पण जन्मभर दुसऱ्याच्या उपकाराचा घांस गिळणें सोपें असतें का ग?"

बहिणींची स्पर्धा म्हटली म्हणजे लुगडीं, दागिने, नाहींतर स्थळें एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. येथें स्पर्धा निराळी होती. अधिक अन्याय कोणावर झाला, याची ती स्पर्धा होती. आणि खरें सांगावयाचें तर दोघींचेंहि म्हणणें आम्हांस पटत होतें.

आमच्या शास्त्रकारांनीं देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं. भगिनीऋणाचा त्यांत उल्लेख नाहीं. मुलगा घर चालवूं लागला म्हणजे तो कर्ता ठरतो, त्याचा शब्द चालतो, व एवढ्यानें त्याच्या कष्टांची कांहीं फेड होते. मुलीच्या वांट्यास भार येतो, आसन येत नाहीं. १९५६ च्या कायद्यानें वृद्ध मातापितरांच्या पोषणाचें कर्तव्य मुलीवरहि घातलें. विवाहित मुलगीहि त्यांतून सुटत नाहीं, असें १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. परंतु धाकट्या भावंडांसाठीं वेंचलेल्या वर्षांचा हिशेब कोणत्या न्यायालयांत मांडावयाचा?

आमच्या मतें थोरलीचें खरें गाऱ्हाणें आईबापांविरुद्ध असतें. मुलीच्या मिळकतीवर घर चालूं देऊन तिच्या लग्नाचा विषय सोयीनें विसरणारे तेच. पण त्यांच्याशीं भांडणें मनास रुचत नाहीं. म्हणून समोर असलेल्या बहिणीकडे मागणी केली जाते. अजाणपणीं खाल्लेल्या अन्नाचें ऋण मुलावर लादूं नये, हें आम्हांस मान्य आहे. मात्र जाण आल्यावर धाकटीनें एक गोष्ट देणें लागतें, आणि ती पैशाची नव्हे. हें असें झालें व माझ्यासाठीं झालें, एवढें चार माणसांत तिनें म्हणावें. त्यांत उपकाराखालीं दबण्यासारखें कांहीं नाहीं.

धाकटीस हा उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार थोडाच! आमच्या महाविद्यालयीन शुल्काचा आंकडा आम्हांस अद्याप पाठ आहे. आमच्या थोरल्या भगिनीनें तो कशांतून भरला, हें आम्ही तिला कधीं विचारलेंच नाहीं.

अमडापुरास तो वाद चालला असतां दोघींची वृद्ध आई शेजारींच वाती वळीत बसली होती. तिनें एक अक्षरहि काढलें नाहीं. दिवेलागण झाली तेव्हां तेल आणण्यासाठीं तिनें हांक मारली, ती थोरलीला.