न पाहिलेला पाऊस

पॅसिफिक महासागराच्या मधोमध काल रात्री किती पाऊस पडला, हे आज काही तासांत सांगता येतं. तिथे पर्जन्यमापक नाही, भिजायलाही कोणी नव्हतं. मग हे ज्ञान कोणत्या जातीचं? न्यायदर्शनाच्या भाषेत विचारायचं तर ते प्रत्यक्ष की अनुमान? माझ्या मते ते निखळ अनुमान आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. घोटाळा होतो तो त्याला प्रत्यक्षाचा मान दिला की.

नैयायिकांनी अनुमानाचं उदाहरण म्हणून पाऊसच निवडला होता. नदी फुगलेली दिसली की वरच्या अंगाला पाऊस झाला असं समजावं. यावरचा आक्षेपही न्यायसूत्रांतच आहे: पाणी कुठे अडवलं असेल तरी नदी फुगते, मग या अनुमानाचा भरवसा काय? वात्स्यायनाच्या भाष्यातलं उत्तर असं, की नुसती फुगलेली नदी हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, नव्हेच. पाण्याला ओढ हवी, फेस हवा, पानं-लाकडं वाहत यायला हवीत. अमेरिका आणि जपान यांनी २०१४ साली सोडलेल्या जीपीएम उपग्रहाच्या रडारपुढे नेमकी हीच अडचण असते. थेंबाकडून परतणारा प्रतिध्वनी त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे दोन मिलिमीटरचा एक थेंब आणि एक मिलिमीटरचे चौसष्ट थेंब रडारला सारखेच. पाणी मात्र दुसऱ्या बाजूला आठपट. म्हणून या रडारला दोन वारंवारता दिल्या आहेत. मोठे थेंब त्या दोन्हींना वेगवेगळा प्रतिसाद देतात आणि त्या फरकावरून थेंबांच्या आकाराचा अंदाज बांधता येतो. भाष्यकारांचा फेस आणि लाकडं ती हीच.

जमिनीवरचा मापक तरी प्रत्यक्ष पाहतो ना, असं कोणी म्हणेल. तो पाहतो ते आपल्या तोंडापुरतं, म्हणजे साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर. जगभरच्या मापकांची तोंडं शेजारी शेजारी मांडली तरी फुटबॉलचं अर्धं मैदान भरत नाही, आणि त्या इवल्या तोंडातलंही काही पाणी वारा उडवून नेतो. तालुक्याचा पाऊस म्हणून आपण जो आकडा वाचतो, तो या भांड्यांवरून केलेलं अनुमानच असतो. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: उपग्रहाचे आकडे मापकांवरून दुरुस्त करायचे आणि मापकांमधल्या मोकळ्या जागा उपग्रहाने भरायच्या, हा अन्योन्याश्रय नव्हे काय? दोघे एकाच कारणाने चुकत असते तर झाला असता. पण मापक वाऱ्यात चुकतो, तर जमिनीवरचा पाऊस ओळखताना उपग्रहाचे सूक्ष्मलहरी संवेदक बऱ्याच अंशी ढगातल्या हिमकणांवर विसंबतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पुष्कळ पाऊस कमी उंचीच्या, जवळजवळ हिमकण नसलेल्या ढगांतून कोसळतो, आणि उपग्रह तो कमी दाखवतो. ही चूक मापकांमुळेच उघडी पडली. (कौटिल्याने अश्मक आणि अवंतीचा पाऊस द्रोणांत दिला, अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा, मात्र अमाप म्हणून सोडून दिला. चुकीच्या आकड्यापेक्षा मला ते अधिक शास्त्रीय वाटतं.)

खरा पेच पिकांच्या नुकसानीच्या मदतवाटपाच्या वेळी येतो. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. शासनाला कुठेतरी रेघ आखावीच लागते आणि पंचनामा अंदाजाच्या पट्ट्यावर चालत नाही, हे मान्य. पण ती रेघ प्रशासनाने सोयीसाठी आखलेली आहे. मोजमापाची अचूकता त्या रेघेमुळे वाढत नाही. मंडळातला एकुलता मापक त्रेसष्ट दाखवत असेल आणि चार कोसांवरच्या शिवारात सोयाबीन पाण्याखाली असेल, तर तिथे शेतकऱ्याचं सांगणं प्रत्यक्षाचं आहे आणि मापकाचं अनुमानाचं. त्या शिवाराचा दावा फेटाळायला त्रेसष्ट हा हेतू पुरत नाही.