सतरा आणि सतरा

मारेगावात एक तरुण होता. घरची कापसाची शेती आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार, असा त्याचा दिवस. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी वाजवलेली बास गिटार त्याने ऐकली आणि त्या वाद्याने त्याला झपाटलं. ऐकणाऱ्याचं लक्ष बासकडे सहसा जात नाही. तो नसला की मात्र गाणं पोकळ वाटतं.

तयार बास घेण्याऐवजी एकेक भाग निवडून स्वतः जुळवायचा, असं त्याने ठरवलं. बोंडअळीतून वाचलेल्या कापसाच्या पैशातून मॅपलचा नेक मागवला. मग खुंट्या, ब्रिज, पिकअप, तारा. प्रत्येक वस्तू पारखून घेतलेली, परवडेल त्याहून एक पायरी वरची. पार्सल आलं की आई विचारायची, "अजून किती तुकडे यायचे हायेत रे बाबू?"

बॉडी मात्र गावातच झाली. सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींकडे पडक्या वाड्याची सागवानी पाटई होती, वर्षानुवर्षं वाळलेली. सागात तेल असतं, त्यावर सरस नीट धरत नाही. म्हणून मिस्त्रींनी पाटईच्या दोन फळ्या करून जोडाच्या कडा आधी थिनरने पुसल्या, लगेच सरस लावला आणि दोन्ही फळ्या रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवल्या. सकाळी जोडावरून नख फिरवलं तरी लागत नव्हता. "बाकीचं मायासमोर बसव," ते म्हणाले. पण नवरात्र तोंडावर आलं होतं. पोरगा बॉडी घेऊन घरी गेला आणि एका रात्रीत सगळं जोडून मोकळा झाला. ब्रिज, म्हणजे तारांची घोडी, त्याने बॉडीच्या मागच्या कडेशी बसवला. तिथे तो शोभून दिसत होता.

तालमीत मोकळ्या तारा छान बोलल्या. बोटं वरच्या पडद्यांकडे सरकली, तसे पेटीवाले काका थांबले. "खालचा सा बरोबर आहे. वरचा उतरलाय."

पोराने तारा बदलल्या. फरक पडला नाही. मग पिकअपवर संशय आला आणि उसने पैसे घेऊन त्याने त्याहून भारी पिकअप मागवला. इथे मला त्याची कीव येते, कारण पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर वाद्याची तार थरथरली की तिच्यात वीज उमटते. वाद्याच्या तारेत जो सूर आहे तोच पुढे जातो. बेसूर तार सुरात आणणं पिकअपच्या हाती नाही. नवा पिकअप बसला आणि तोच उतरलेला सा आणखी स्वच्छ ऐकू येऊ लागला.

काकांनी त्याला मिरजेची गोष्ट सांगितली. तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर भोपळा निवडून आणतात, लाकूड पारखून घेतात. तरी तंबोरा बोलतो तो घोडीची जवारी काढल्यावर, आणि ती जवारी घासून, ऐकून, पुन्हा घासूनच लागते. "तुझ्या ब्रिजकडे कोणी पाहिलं का?" काकांनी विचारलं.

पोरगा बास घेऊन मिस्त्रींकडे गेला. मिस्त्रींनी आयुष्यात बास ऐकला नव्हता. त्यांनी विचारलं, "वरचा सा कुठं वाजते?" पोराने बारावा पडदा दाखवला.

"म्हंजे अर्ध्यावर." त्यांनी टेप काढला. वरच्या खाचांच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत सतरा इंच. तिथून ब्रिजच्या टेकूपर्यंत अठरा.

"इकून सतरा, तिकून अठरा. हे अर्धं झालं काय? दार चौकटीत बसत नसलं, त तू कडी बदलतं काय?"

पोरगा गप्प झाला. 1951 साली लिओ फेंडरने बाजारात आणलेल्या बास गिटारचं माप 34 इंच होतं, आणि याने घेतलेल्या नेकचे पडदेही त्याच मापाने पाडलेले होते. त्याआधीच्या उभ्या बासच्या गुळगुळीत पट्टीवर सूर कानाने शोधावा लागे. पडद्यांमुळे तो ठरल्या जागी मिळू लागला. पण ती जागा ठरते टेकूवरून. एका इंचाच्या चुकीने वरचा सा जवळजवळ पाव स्वराने उतरला होता.

मिस्त्रींनी ब्रिज काढला. स्क्रूच्या जुन्या भोकांत सागाच्या खुंट्या सरस लावून ठोकल्या, वाळल्यावर पटाशीने सपाट केल्या. ब्रिज एक इंच पुढे आला. जाड तारेचा टेकू पोराने किंचित मागे ठेवला. मग बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून एकदा आणि दाबून एकदा, असे दोन्ही सूर तो चारही तारांवर जुळवत बसला. या वेळी मिस्त्रींनी त्याला घाई करू दिली नाही.

ब्रिजमागच्या बुजवलेल्या खुंट्या उघड दिसतात. त्याने त्यावर रंग दिला नाही. पहिला पिकअपच त्याने परत बसवला, महागडा विकून उसने पैसे फेडले, आणि त्या नवरात्रात बास वाजला.

तुम्हीही असं वाद्य जुळवणार असाल, तर ब्रिजचे स्क्रू सगळ्यात शेवटी मारा. त्याआधी टेप घ्या आणि बाराव्या पडद्याच्या दोन्ही बाजूंची मापं कागदावर लिहा.