शांतता कोणासाठी?

मन शांत असणे आणि मन जागे असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. ‘सजगता’ या नावाने आज दवाखान्यांतून आणि कार्यालयांतून जे ध्यान शिकविले जाते, त्याचा विचार करताना हा भेद आपण ध्यानी घेतला पाहिजे.

सत्यनारायण गोएंका यांचे विपश्यना केंद्र १९७६ साली इगतपुरीस सुरू झाले. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यानाचा धागा घेऊन अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ताणतणावावरील वर्ग आरंभिले. आम्हा ख्रिस्ती लोकांसही ही वाट परकी नाही. श्वासागणिक प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक शब्द मनात उच्चारण्याची रीत संत इग्नेशियस यांनी सोळाव्या शतकातच सांगून ठेवली आहे.

या ध्यानाचा उपयोग किती? २०१४ साली ४७ चाचण्यांचा व ३५१५ व्यक्तींचा एकत्रित अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांना ध्यानाने काहीसा उतार पडतो, असे त्यात आढळले. मात्र व्यायाम वा औषधे यांहून ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही.

आघाताची गोष्ट आणखी नाजूक आहे. आमच्या बदलापूर गावाशेजारून उल्हास नदी वाहते. २००५ आणि २०१९ चे पूर येथे कोणी विसरलेले नाही. ज्याच्या घरात रात्री पाणी शिरले, त्याला डोळे मिटून बसविले तर शांततेऐवजी तेच पाणी पुन्हा दिसू शकते. अशा वेळी डोळे उघडे असावेत, विश्वासाचे माणूस जवळ असावे, नको वाटताच थांबण्याची मोकळीक असावी आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

खरा नैतिक प्रश्न याच्या पुढचा आहे. लोकलच्या गर्दीत रोज चेंगरून कामावर जाणाऱ्याला केवळ श्वास मोजावयास सांगणे म्हणजे व्यवस्थेचे ओझे त्याच्याच छातीवर ठेवणे होय. अंतरीची स्थिरता लाभल्याशिवाय दुसऱ्याचे दुःख नीट दिसत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण ते दिसल्यावरही जी शांती जागची हलत नाही, तिला सद्गुण कसे म्हणावे?

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर आले. शासकीय पथकांबरोबर परिसरातील गावकरीही मदतीस धावले. समोरच्या क्षणाकडे त्यांचे पूर्ण लक्ष होते आणि त्या क्षणात दुसरी माणसे होती.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: आज रोझरीनंतर दोन मिनिटे स्वस्थ बसावे आणि मग घरात जो कित्येक दिवस गप्प आहे, त्याच्याजवळ जाऊन बसावे.