जागा बदलताना

एखाद्याला आपल्यात सामावून घ्यायचे म्हणजे त्याच्याकडून किती बदल मागायचा? हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. बदलापुरात आमच्या इमारतीच्या सभेत भेटला. दुसऱ्या मजल्यावर एक कुटुंब भाड्याने राहायला आले होते. मुलाची आई गावाकडून आलेली, सत्तरीच्या घरातली. संध्याकाळी ती जिन्याखाली खुर्ची टाकून बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याची आपल्या भाषेत विचारपूस करी. गावी ती ओट्यावर बसत असणार. येथे ओटा नव्हता, म्हणून जिन्याखाली. सभेत कोणी तरी म्हणाले, जिन्याखालची जागा सर्वांची आहे, तेथे कोणी बसू नये. म्हणणे नियमाला धरून होते. ठराव झाला. मीही हात वर केला. म्हातारीला कोणी वाकडा शब्द बोलले नाही. मुलाने मुकाट्याने खुर्ची वर नेली. पुढे ती खाली दिसेनाशी झाली, आणि वर्ष पुरे व्हायच्या आत ते कुटुंब दुसरीकडे गेले. कोणाचेच काही चुकले नव्हते, आणि तरी काही तरी चुकले होते. ते काय, हे मला माझ्या धंद्यातल्या एका अगदी रोजच्या गोष्टीने शिकवले.

माझा धंदा संगणकाचा. संगणकात डायनॅमिक लिंकर नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम असतो. लिंकर म्हणजे जोडणारा. अंबरनाथच्या कारखान्यांत सुटे भाग जुळवून बसवणाऱ्याला फिटर म्हणतात, आणि आयटीआयच्या कागदावर त्याच फिटरला जोडारी म्हणतात. तो शब्द मला आवडतो, म्हणून येथे तोच वापरतो. आपण कोणताही प्रोग्रॅम सुरू केला की तो सहसा एकटा चालत नाही. पडद्यावर अक्षरे उमटवणे, फाइल उघडणे, वर्गमूळ काढणे, असली नेहमीची कामे प्रत्येकाने नव्याने लिहायची म्हटली तर आयुष्य त्यातच जाईल. ही कामे सामायिक लायब्ऱ्यांत एकदाच लिहून ठेवलेली असतात. प्रोग्रॅमच्या फाइलीत फक्त यादी असते : मला अमुक लायब्ररी लागेल, तिच्यातले अमुक नावाचे काम लागेल. नाव असते, पत्ता नसतो. पत्ता असूच शकत नाही. कारण लायब्ररी मेमरीत कोठे उतरणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते. प्रोग्रॅम सुरू होताना जोडारी त्या लायब्ऱ्या शोधतो, जेथे मोकळी जागा असेल तेथे उतरवतो, आणि जेथे जेथे पत्ता हवा तेथे त्या वेळेचा खरा पत्ता लिहितो. या कामाला रिलोकेशन म्हणतात. मराठीत त्याला पुनर्वसनच म्हणावे लागेल.

पूर्वी असे नव्हते. १९९० च्या दशकाच्या आरंभी लिनक्समध्ये प्रत्येक सामायिक लायब्ररीला मेमरीतला एक कायमचा पत्ता नेमून दिलेला असे. एकीची हद्द दुसरीवर चढू नये म्हणून त्या पत्त्यांची नोंद सांभाळावी लागे. एखादी लायब्ररी वाढत गेली की शेजारणीशी बांधाचा तंटा ठेवलेलाच. पुढे ईएलएफ नावाची मांडणी आली आणि नेमून दिलेले पत्ते गेले. २००५ पासून तर लिनक्स लायब्ऱ्या मुद्दाम दर वेळी वेगळ्या पत्त्यावर उतरवतो, घर कोठे आहे ते चोराला आधी कळू नये म्हणून. म्हणजे जागा बदलणे हा आता अपघात राहिला नाही. तो रोजचा रिवाज झाला.

मग दर वेळी नव्या जागी उतरणारी लायब्ररी बिनचूक चालते कशी? तिच्या पोटातले सारे अंतराच्या हिशेबाने लिहिलेले असते. ‘माझ्यापासून चाळीस पावले पुढे’ असे म्हटले की सगळे घर उचलून कोठेही ठेवा, ती चाळीस पावले चाळीसच राहतात. बाहेरच्यांचे पत्ते मात्र असे सांगता येत नाहीत. ते एका वेगळ्या तक्त्यात ठेवतात. लायब्ररीचा मजकूर म्हणतो, ‘तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीत जो पत्ता असेल तेथे जा.’ जोडारी तो तक्ता भरतो. काही ओळी आरंभीच, आणि काही, तशी मुभा असली तर, ते नाव पहिल्यांदा हाकारले जाईल तेव्हा. मजकुराला तो हात लावत नाही. म्हणूनच मजकुराची एकच प्रत मेमरीत राहते आणि एका वेळी शंभर प्रोग्रॅमांच्या उपयोगी पडते. तक्ता मात्र ज्याचा त्याला वेगळा.

हे सारे मी एकदा उल्हासनगरच्या माझ्या एका वृद्ध स्नेह्यांना सांगत होतो. कर्जतच्या लोकलने जाताना उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे एकापुढे एक येतात. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहारांच्या काळचे. ते साडेनऊशेहून अधिक वर्षे जागचे हललेले नाही. त्याच्या शेजारचे उल्हासनगर मात्र हलवलेल्या माणसांचे गाव. महायुद्धात येथे सैनिकांची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे त्या बराकींत उतरवली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी होऊन उल्हास नदीवरून त्याला नाव मिळाले. माझे स्नेही सात वर्षांचे असताना कराचीहून बोटीने मुंबईला आले आणि तेथून या बराकींत. मी त्यांना काका म्हणतो.

काकांनी माझे व्याख्यान शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अंतराचे म्हणतोस ते बरोबर आहे. बराकीत आल्यावर अम्माने आधी चूल मांडली. चुलीच्या डाव्या हाताला पाण्याचा माठ, उजव्या हाताला पिठाचा डबा. शिकारपूरला होते तसेच. खोली केवढी आहे, दार कुणीकडे आहे, तिने पाहिले नाही. अंधारातही तिचा हात चुकत नसे.”

“आणि तक्ता?” मी विचारले.

“तक्ता सरकारने भरला. कॅम्प नंबर, बराक नंबर, खोली नंबर, रेशन कार्ड.” काका हसले. मग थोडे थांबून म्हणाले, “पण बेटा, तुझ्या लायब्ररीला कळत नाही की आपल्याला हलवले आहे. अम्माला कळत होते. ‘घरी’ असे म्हणाली की शेवटपर्यंत ते शिकारपूरच असायचे.”

“तो पत्ता कधी बदलला नाही?”

“कोण बदलणार? आणि का बदलायचा?”

काकांच्या या दोन प्रश्नांत माझ्या सभेतल्या चुकीची दोन्ही टोके होती, असे मला पुढे दिसले. त्यांच्या प्रश्नांचा क्रम उलटून आधी ‘का’ घेतो.

काही लायब्ऱ्या निष्काळजीपणे बांधलेल्या असतात. त्यांत बाहेरचे पत्ते तक्त्यात न ठेवता मजकुरातच मिसळलेले असतात. मग जोडाऱ्याला मजकूरच खोडून लिहावा लागतो. खोडलेली पाने इतरांच्या उपयोगाची राहत नाहीत, ती त्या एकाच प्रोग्रॅमची होतात. शिवाय मजकूर एकदा खोडण्यासाठी खुला केला की तेथे परक्यालाही खोडाखोड करायला वाट मिळते. म्हणून अँड्रॉइडने २०१५ साली, सहाव्या आवृत्तीपासून, त्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या ॲपमध्ये असल्या लायब्ऱ्या उतरवून घ्यायचे साफ नाकारले. जागा बदलली तर पत्ते बदला, मजकूर बदलू नका, असा हा दंडक आहे. त्याच्या मागे दयामाया नाही. मजकूर खोडला तर ज्या गुणासाठी त्या लायब्ररीला बोलावले तो गुणच जातो, एवढा रोकडा हिशेब आहे.

आमच्या म्हातारीकडे या नजरेने पाहिले की आमचा ठराव काय होता ते उघड होते. पाणी किती वाजता येते, ओला कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, लिफ्टचे दार कसे लावायचे, हे सर्व तिने आठ दिवसांत शिकून घेतले होते. हा तक्ता होता, आणि तो तिने कुरकुर न करता भरू दिला होता. संध्याकाळी दारात बसून माणसांची विचारपूस करणे हा तिचा मजकूर होता. आम्ही एकाच पेन्सिलीने दोन्ही खोडले. आणि गंमत अशी की आमच्या इमारतीत ज्याची खरी उणीव होती तेच नेमके तिच्यापाशी होते. चोवीस बिऱ्हाडांत एकमेकांची नावे ठाऊक नसलेली माणसे आम्ही. एक बाई सर्वांची विचारपूस करू लागली, तर आम्ही तिला वर पाठवले.

आता दुसरा प्रश्न : कोण बदलणार? मेमरीत उतरलेल्या लायब्ररीने आपले पुनर्वसन आपण करावे असे कोणी म्हणत नाही. ते कष्ट जोडाऱ्याचे. आणि या जोडाऱ्याची एक कथा आहे. तोही एक उतरवलेला प्रोग्रॅमच असतो. आपण कोठे उतरलो हे त्यालाही आधी ठाऊक नसते. म्हणून इतरांचे पत्ते लिहिण्यापूर्वी तो स्वतःचे पत्ते लिहून घेतो, आणि तोवर त्याला कोणाच्या मदतीची हाक मारता येत नाही. उल्हासनगरात शाळा आणि दवाखाने उभे करणाऱ्यांत स्वतःच निर्वासित असलेले पुष्कळ होते. बराकीत स्वतःची चूल मांडून झाली की ती माणसे दुसऱ्याच्या चुलीची सोय पाहू लागली.

मी मात्र तेवढे केले नव्हते. मीही बदलापूरचा नव्हे. गिरगावातल्या चाळीतली खोली सोडून येथे आलो तेव्हा येथल्या शेजाऱ्यांनी मला दूधवाला, गिरणीवाला, डॉक्टर, सारे पत्ते लिहून दिले होते. बदलापूर या नावाची एक लोककथा सांगतात की, लांबच्या वाटेवरचे स्वार येथे घोडे बदलत. खरी असो वा नसो, गावाला शोभणारी आहे. येथे पुष्कळांनी घोडे बदललेले आहेत. पण स्वतःचे पत्ते एकदा जुळले की माणूस मूळचा रहिवासी होतो आणि मागून आलेल्याला नियम वाचून दाखवू लागतो.

नियमाचाच एक दाखला देतो. लिनक्सच्या मुख्य लायब्ररीत मेमकॉपी नावाचे काम आहे : मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवायचा. नियम असा की, दोन्ही जागा एकमेकींवर आलेल्या नसाव्यात. काही प्रोग्रॅम हा नियम मोडत होते, पण जुनी पद्धत अशी होती की त्यांचे निभावून जाई. २०१० साली हे काम अधिक वेगवान करण्यात आले, आणि त्या काळच्या फ्लॅशचा आवाज खरखरू लागला. भांडण जुंपले. एका पक्षाने म्हटले, नियम लिहिलेला होता, चूक तुमची. दुसऱ्याने म्हटले, इतकी वर्षे चालत होते ते तुम्ही बंद पाडले. दोघांचेही खरे होते. २०११ च्या आवृत्तीत तोडगा निघाला : जुन्या प्रोग्रॅमांना त्या नावाखाली जुनी, सांभाळून घेणारी वागणूक मिळावी, नव्यांना त्याच नावाखाली नवी. नियम रद्द झाला नाही. निभावून नेण्याचे ओझे मात्र बळकट बाजूने उचलले. उल्हासनगरचे नाव बदलून पाऊणशे वर्षे झाली, तरी ‘कॅम्प नंबर चार’ म्हटले की रिक्षावाला आजही बरोबर नेतो. जुने नाव चालू ठेवायला गावाला काही फार खर्च आला नाही.

येथे कोणी म्हणेल, माणसात मजकूर कोणता आणि तक्ता कोणता हे ठरवायचे कोणी? आक्षेप खरा आहे. अम्माचे ‘घर’ हे तक्त्यातली ओळ होती की मजकुरातले अक्षर? मला सांगता येत नाही, आणि लायब्ररीची उपमा येथे थांबते हे मी मान्य करतो. पण जोडाऱ्याच्या शास्त्रात असल्या नावांचीही एक सोय आहे. साधे नाव कोठेच सापडले नाही तर प्रोग्रॅम चालू शकत नाही. परंतु काही नावे ‘सापडले तर ठीक, नाही तर नाही’ अशी खूण करून ठेवता येतात. ती सापडली नाहीत तर त्यांच्यापुढे शून्य लिहिले जाते आणि काम पुढे चालू राहते. नाव खोडले जात नाही. तेथे हाक मारण्यापूर्वी पाहून घ्यायचे, एवढेच. सिंध प्रांत १९४७ पासून भारतात नाही. तरी राष्ट्रगीतात ते नाव आहे, आणि ते काढावे असा अर्ज २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. ज्या भाषेला देशात स्वतःचे राज्य नाही ती सिंधी भाषा १९६७ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. देश त्यामुळे थांबला नाही. पत्ता नसलेले नाव बाळगण्याइतकी जागा मोठ्या घरात असते, आणि असली पाहिजे.

तेव्हा माझ्यापुरता मी निवाडा केला तो असा. सामायिक जागेत येणाऱ्याला तेथले पत्ते शिकावे लागतील, त्यात सूट नाही. पण ते लिहून देण्याचे कष्ट आधी आलेल्याने करावेत. त्याच्या मजकुराला हात लावू नये. आणि जे मजकूर की तक्ता हे कळत नाही, ते त्याचे त्याच्यापाशी राहू द्यावे.

पुढच्या सभेत जिन्याखाली एक बाक ठेवावा असे मी सुचवणार आहे. खर्चाचा प्रश्न निघेल, शिस्तीचा निघेल. ठराव मंजूर झाला तरी त्या बाकावर जिने बसायला हवे होते ती म्हातारी आता तेथे नाही. तिचा नवा पत्ता आमच्यापैकी कोणी लिहून घेतलेला नाही.